अननसाच्या देशाचं तापमान

माझ्या ताईबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. किती कष्टाळू बाई, किती शांत स्वभाव, आईचं किती करते. करते, मान्य आहे. पण असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याशी भांडून बघावं. ती आवाज चढवत नाही, दार आपटत नाही, रडत तर मुळीच नाही. नुसती बघत राहते, आणि समोरच्याचे शब्द घशातच राहतात. तिच्या कामावर तिला सगळे 'उणे अठरा' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला मी एकदा चहा पाजणार आहे.

ती कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. मालगाडीच्या रुळांपलीकडे एक लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत आहे, तिथे एकोणतीस वर्षं. आत उणे अठराला मटार, लोणी, मासळी आणि अननसाचे तुकडे छतापर्यंत रचलेले असतात. दोन स्वेटर, त्यावर रजईसारखा कोट, हातात मोजे, आणि दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीवरचा काटा बघायचा, बाहेर येऊन रजिस्टरमध्ये लिहायचं. एकोणतीस वर्षांत तिच्या बोटांच्या टोकांतली जाणीव गेली. चुलीवरची किटली ती उघड्या हाताने उचलते. लहान असताना माझ्या मुलीला वाटायचं की आत्या जादूगार आहे.

तिच्या कामाचा एक नियम आहे, आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल, इतक्यांदा मी तो ऐकला आहे. आतून काढलेलं खोकं लगेच उघडायचं नाही. आधी ते बंदच्या बंद मधल्या खोलीत ठेवायचं, सहा तास. घाई करून उघडलं की बाहेरची गरम हवा आतल्या गार मालावर बसते, मालाला घाम फुटतो, आणि मग तो माल गेला. म्हणून प्रत्येक खोक्याला चिठ्ठी असते, अमुक वाजेपर्यंत उघडू नये. ताईच्या घरातल्या फ्रीजमध्येही चिठ्ठी नसलेली एक वस्तू सापडायची नाही. एकदा मी फ्रीजरमधलं लोणी काढून तसंच सोलायला लागलो तर तिने माझ्या हातावर चमचा मारला होता. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. समोरचा कितीही वाहवत गेला तरी माझा पाय त्याच्या आधी पोचतो. बावीस वर्षं मी शेजारी बसून लोकांना थांबवतोय, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मी थांबवलं नसतं तर या शहरातले निम्मे विजेचे खांब आज आडवे असते.

आता त्या देशाबद्दल. अननसाची खोकी ज्या देशातून यायची तिथे बारा महिने उकडतं. खोक्यावर चित्र होतं, पिवळा सूर्य आणि त्याखाली काटेरी झुडूप, आणि बंदराचं नाव. ताईने पंचवीस वर्षं ती खोकी उचलली, ठेवली, मोजली. तिला वाटायचं अननस आंब्यासारखा झाडाला लटकतो. मग एका ट्रकवाल्याने सांगितलं, नाही हो ताई, जमिनीलगत एवढंसं रोप असतं आणि त्याच्या डोक्यावर तो बसलेला असतो, उन्हात हात लावला तर चटका बसतो. झालं. त्या दिवशी ती घरी आली आणि आईला म्हणाली, "आपल्याकडे येतो तो दगड होऊन येतो. तिथे तो कसा असतो, ते मला बघायचंय. गरम असताना."

कुणी दुसरं असतं तर चार दिवस बोलून विसरलं असतं. हिने दुसऱ्या दिवशी रजिस्टर आणलं. कामावर असतं तसंच, जाड पुठ्ठ्याचं, रकाने आखलेलं. त्यात ती त्या बंदराचं तापमान लिहायला लागली. सकाळी सहाचं आणि दुपारी दोनचं, रोज, फोनवर बघून. चार वर्षं. तिथे मार्चमध्ये किती चढतं, ऑगस्टमध्ये किती उतरतं, दुपारी तीनला पावसाची सर कोणत्या महिन्यात चुकत नाही, सगळं तिला पाठ होतं. ज्या गावात तिच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं, त्या गावाची ती रोज नाडी बघत होती. संध्याकाळी जेवायच्या आधी ती आईला आकडा वाचून दाखवायची. मी रविवारी जायचो तेव्हा हा तमाशा माझ्या डोळ्यांसमोर चालायचा.

"आज दुपारी तेहतीस," ताई म्हणायची.

"मग तू गेलीस तर वितळशील," आई म्हणायची, आणि मी मोठ्याने हसायचो. आई माझ्या बाजूने आहे, असं मी धरून चाललो होतो.

तयारीही तिच्या कामासारखीच. एकदा मी गेलो तर न्हाणीघराचं दार बंद, आतून वाफ येतेय, आणि ताई आत गरम पाण्याचा नळ सोडून स्टुलावर बसलेली. सवय करत होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस, त्याचंही वेगळं पान. पातळ सुती झगे शिवून घेतले, सँडल आणल्या आणि घरात घालून चालायची, पायांना ओळख व्हावी म्हणून. चोपन्न वर्षांची बाई, हिवाळ्यात, सँडल घालून. बघून हसावं की चिडावं ते कळायचं नाही, म्हणून मी चिडायचो.

पण माझ्या रागाचं खरं कारण सँडल नव्हत्या. ताई बारा दिवस गेली तर आई माझ्याकडे येणार, हे कारण होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक मला हलकट म्हणतील. सांगितल्यावरही म्हणतील, पण निदान माहिती घेऊन म्हणतील. नऊ वर्षांपूर्वी आई माझ्याकडे महिनाभर राहायला आली होती. पाचव्या दिवशी आमचं जुंपलं. तिने माझ्या बायकोसमोर मला सांगितलं की तू तुझ्या बापासारखाच आहेस, तोंड मोठं आणि छाती लहान. तिने याहून वाईटही पूर्वी म्हटलं होतं, पण त्या दिवशी मला लागलं. मी तिची बॅग भरली, तिला गाडीत घातलं, ताईच्या इमारतीशी नेऊन सोडलं. ताई कामावर होती, आईजवळ किल्ली नव्हती. मला चारचा क्लास होता. मी म्हटलं, बस इथे, येईल ती. आई तीन तास जिन्याच्या पायरीवर बसून होती. नोव्हेंबर होता. त्यावर ती पुढची नऊ वर्षं एका शब्दाने मला बोलली नाही, आणि तेच वाईट. बोलली असती तर मी उलट बोललो असतो, भांडण मिटलं असतं. त्या नऊ वर्षांत आई एकदाही माझ्या घरी राहिली नाही. मीही बोलावलं नाही. तिच्याबरोबर एका छताखाली बारा दिवस काढायची माझी तयारी नव्हती.

म्हणून ताई पहिल्यांदा जायला निघाली तेव्हा मी कंबर धरून अंथरुणावर पडलो. मला उठता येत नाही, आईकडे कोण बघणार. ताईने रजा रद्द केली. कंबर तिसऱ्या दिवशी बरी झाली, त्याला माझा इलाज नव्हता. बायको मला म्हणाली, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो? आईंना मी ठेवून घेते, तुम्हीच बारा दिवस कुठेतरी जा." बायकोला माझ्याविरुद्ध बोलायला फारसं निमित्त लागत नाही.

दुसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, मी सरळ तिच्या कपाटातून पासपोर्टच उचलला. त्या दोघींच्या घराची एक किल्ली आता माझ्याकडे असते. पासपोर्ट मी क्लासच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, शिकाऊ लायसन्सच्या फॉर्मांखाली. ताईने सगळं घर उपसलं. विमान गेलं. आठवड्याने मी तो जागच्या जागी ठेवायला गेलो तर ती कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे केला. मी पासपोर्ट दिला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी घरी गेलो की उठून आतल्या खोलीत जायची. मला काही सांगायचं असलं तर आईला सांगायची, आणि आई मला सांगायची, मी तिथेच समोर बसलेलो असताना.

मला वाटलं, आता खूळ गेलं. दोन वर्षं कुणी त्या देशाचं नाव काढलं नाही. रजिस्टर लिहिणं चालू होतं, पण ती आता सवय झाली असेल असं मी समजलो.

मग एका मंगळवारी माझी एक शिकाऊ बाई, जी त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये कारकून आहे, वळणावर गिअर बदलता बदलता म्हणाली, "सर, उद्यापासून तुमच्या ताईंची रजा. आमच्याकडे सगळ्यांना इतका आनंद झालाय. अखेर चालल्या."

मी ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"कुठे चालल्या?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" तिने जीभ चावली. तिच्याकडून बाकीचं काढायला मला दोन गल्ल्या पुरल्या. विमान बुधवारी सकाळी दहाला. आणि तिकिटं, पासपोर्ट वगैरे ताईने घरी ठेवलंच नव्हतं. गेले सात महिने ते एका पत्र्याच्या डब्यात, अननसाच्या खोक्यांमागे, उणे अठराला होतं. "त्या म्हणाल्या, तिथे कुणी हात लावत नाही," बाई म्हणाली. "आज दुपारी डबा घेऊन गेल्या घरी. जाताना मधल्या खोलीत ठेवायला वेळ नव्हता, म्हणून तसाच थर्माकोलच्या खोक्यात घालून."

सगळं जग कागदपत्रं कपाटात ठेवतं, बँकेत ठेवतं, गादीखाली ठेवतं. माझ्या बहिणीने ती मटारच्या शेजारी ठेवली. मला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यापासून वाचवण्यासाठी माणूस पासपोर्ट गोठवतो, म्हणजे मी कोण झालो? चोर? मी बाईला अर्ध्या तासाने क्लासवर सोडलं आणि तडक ताईकडे गेलो.

घरात कुणी नव्हतं. खालच्या शिंप्याने सांगितलं, दोघी डॉक्टरकडे गेल्यात, येतीलच. मी किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरात चुलीवर मोठं पातेलं मंद आचेवर ठेवलेलं, खिडक्या बंद, भिंतींवर वाफ, उकाड्याची सवय आता अख्ख्या घराला. टेबलावर थर्माकोलच्या खोक्यात तो डबा. त्यावर ताईच्या अक्षरातली चिठ्ठी, कामावर असते तशी: मंगळवार, रात्री आठपर्यंत उघडू नये.

पावणेपाच वाजले होते. मी चिठ्ठी वाचली. हे मी लपवणार नाही, कारण पुढे मला तेच विचारलं गेलं. वाचली, आणि मनात म्हटलं, मला नियम शिकवतेस काय. आणि झाकण ओढलं.

डब्यात दोन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, घट्ट बंद केलेल्या. वरची मी फाडली. पासपोर्ट हातात घेतला तो इतका गार की बोटं चिकटली. उघडला आणि आतून आईने माझ्याकडे पाहिलं.

आईचा फोटो. आईचा पासपोर्ट. एक्क्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईचा, सात महिन्यांपूर्वी काढलेला. पुढच्या पानावर त्या देशाच्या व्हिसाचं स्टिकर, त्यावरही आई, तोंड मिटून, केस मागे बांधून.

मी उभा राहिलो तसाच. आई माझ्याकडे येणारच नव्हती. ताई तिला घेऊन चालली होती. मी ज्यासाठी कंबर धरली, चोरी केली, ते संकट मुळात माझ्या दिशेने निघालंच नव्हतं. सुटलो, असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटलं. एवढं मोठं ठरलं आणि मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, मला त्यात जागाच नव्हती.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. खाली पाहिलं तर पानाला घाम फुटला होता. फोटोवर, व्हिसावर बारीक बारीक थेंब. घाबरून मी खिशातला रुमाल काढला आणि पुसलं. नाही पुसायला पाहिजे होतं. व्हिसाची शाई रुमालावर आली. परत थेंब जमले, मी परत पुसलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर नंबर, तारीख आणि आईची हनुवटी मिळून एक निळसर डाग झाला. माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला होता, आणि तिथे कुठला ब्रेक असणार.

दुसऱ्या पिशवीला मी हात लावला नाही. शहाणपणाने नव्हे, हातात ओला रुमाल होता म्हणून.

त्या दोघी आल्या तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. आई पुढे, काठी टेकत, दुसऱ्या हातात डॉक्टरचा कागद. विमानात बसायला हरकत नाही असं लिहिलेला. मागे ताई. ताईने आधी डबा पाहिला, मग पिशवी, मग मला. टेबलाशी आली, पासपोर्ट उचलला, उजेडात धरला. दोन वर्षांनी ती माझ्याशी बोलली.

"चिठ्ठी वाचता येत नाही का तुला?"

"वाचली होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली. जणू काटा बघून आकडा कळला. मग तिने स्वतःच्या पासपोर्टची दुसरी पिशवी डब्यात चाचपून पाहिली, झाकण लावलं, थर्माकोल नीट बसवला, घड्याळ बघितलं.

आईने पासपोर्ट मागितला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. "व्हिसा परत मिळायला किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन आठवडे," ताई म्हणाली. "मी रजा रद्द करते. तीन आठवड्यांनी जाऊ."

"डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? हा कागद पंधरा दिवसांचा. पुढचा कागद तो देईलच असं नाही." आईने चष्मा काढून घडी केला. "तू उद्या जायचं."

"तुला सोडून मी जाणार नाही."

"जाशील. दोनदा राहिलीस, त्यातलं एकदा माझ्यासाठी राहिलीस असं मला वाटतं. आता तिसऱ्यांदा राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मग या घरात बोलायला कुणीच उरणार नाही." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "माझी बॅग भरलेलीच आहे. ती उचल. बारा दिवस मी ह्याच्या उरावर बसते."

मी बॅग उचलली. ताईने दारापर्यंत येऊन आईचे औषधांचे डबे माझ्या हातात दिले, प्रत्येकावर चिठ्ठी. रजिस्टर आईने स्वतःच्या काखेत धरलं होतं.

ते बारा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बायको आईशी गोड, आई बायकोशी गोड, आणि दोघींमध्ये मी. बायको दिवसभर कामाला जाते आणि आईला एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरने सांगितलेलं, म्हणून आई रोज क्लासच्या गाडीत मागच्या सीटवर बसायची. मांडीवर रजिस्टर. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला मी फोनवर बघून आकडा सांगायचा, तिने लिहायचं. समोर कुणी गाडी शिकत असलं तरी. दुपारी तीन वाजले की ती खिडकीबाहेर बघून म्हणायची, "आता तिथे सर आली असेल. ती छत्री विसरली असेल."

नवव्या दिवशी ती कारकून बाई शिकायला आली. बिचारी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. चौकात सिग्नल सुटला, रस्ता मोकळा होता, तिने गाडी पुढे घेतली आणि डावीकडून सायकल आल्यासारखं मला वाटलं. मी ब्रेक दाबला. सायकल पार पलीकडे होती.

"जात होती की ती नीट," मागून आई म्हणाली. "का थांबवलंस?"

"आई, मला माझं काम करू दे."

"तुझं काम मला दिसतंय नऊ दिवस. पुढे कोण चाललंय ते तू बघतच नाहीस. पाय आधीच दाबून बसलेला."

त्या बाईने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोरच्या काचेवर नजर रोवली. माझा तोल गेला. नऊ दिवसांचं नाही, नऊ वर्षांचं तोंडावर आलं.

"मी काय वाईट केलं गं तुझं इथे? जेवायला देतो, औषध देतो, गाडीतून फिरवतो. तरी ताईने तुला माझ्याकडे ठेवायचं नाही म्हणून व्हिसा काढला. माझ्याकडे बारा दिवस ठेवायचा भरवसा नाही तिला. आणि सगळं गुपचूप. एवढा वाईट झालो का मी तिला?"

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"ती तुझ्याकडेच ठेवणार होती," आई म्हणाली. "तिन्ही वेळा. ती म्हणायची, तो करील नीट, आई, बोलतो तसा नाही तो. पासपोर्ट पळवलास त्यानंतरही म्हणायची." ती सावकाश बोलत होती, जणू दुकानात सामान सांगावं. "मी तिला म्हटलं, मला घेऊन चल. मला तो अननस-बिननस काही बघायचा नव्हता. मला विमानाची भीती वाटते. पण पायरीवर बसायचं माझं आता वय नाही. तिला म्हटलं, उन्हात मेले तरी चालेल, त्याच्याकडे ठेवू नकोस."

शिकाऊ बाईने विचारलं, "सर, घेऊ का पुढे?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी पाय काढला. ती चौक ओलांडून गेली, पहिल्यांदा एकदाही गाडी बंद न पाडता.

मला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, कुणावर ते मी सांगू शकणार नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "त्या दिवशी किल्ली नव्हती तुझ्याकडे, ते मला माहीत होतं." मला वाटलं हे बोललं की काहीतरी होईल. आई औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचत होती. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली, "की तुला माहीत आहे." आणि गोळी घेतली.

तेराव्या दिवशी ताई परतली आणि मी आईला घरी सोडायला गेलो. दारात ताई. नाक भाजलेलं, हात काळवंडलेले, पायांवर सँडलच्या पट्ट्यांचे पांढरे पट्टे. आईने तिला दारातच विचारलं, "लागला का चटका?" ताईने उजव्या हाताची बोटं पुढे केली. दोन बोटांच्या टोकांवर खरोखरच लालसर डाग होते. "तो माणूस म्हणाला, इतका वेळ हात का ठेवलात," ती म्हणाली. "मला कळेपर्यंत ठेवला." आई हसली. मी दाराशी बॅग घेऊन उभा होतो, मला कुणी आत ये म्हटलं नाही. मी बॅग आत ठेवली.

जाताना मी ताईला विचारलं, "पुढच्या वर्षी आईला नेशील? मी व्हिसाचं बघतो, मी सगळीकडे नेतो तिला."

"उघडलेला माल आम्ही परत आत ठेवत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, ना राग ना काही.

तसंही डॉक्टरने नंतर कागद दिला नाही. हिवाळ्यात आईला दम लागायला लागला, आणि विमानाचं नावही काढायचं नाही असं त्याने सांगितलं. ताई आता सुती झगे घरात घालते, पुन्हा त्या देशाबद्दल बोलत नाही. बघून झालं तिचं.

रजिस्टर मात्र माझ्याकडे राहिलं. आईच्या बॅगेत ठेवायचं राहून गेलं की तिनेच मुद्दाम मागे ठेवलं, ठाऊक नाही. दोन दिवस मी ते तसंच बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला आईचा फोन आला. "किती?" तिने विचारलं. मला आधी कळलंच नाही. मग मी गाडी कडेला घ्यायला लावली, बघितलं आणि सांगितलं. तिने फोन ठेवला.

तेव्हापासून रोज मीच करतो. दोन वाजले की गाडी कडेला घ्यायची, आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि आईला फोन लावायचा. शिकणाऱ्यांनाही आता सवय झाली आहे. आई फोन उचलते, हॅलो म्हणत नाही. मी कधी म्हणतो, तब्येत कशी आहे, कधी म्हणतो, रविवारी येऊ का. ती त्यातल्या कशाचंही उत्तर देत नाही. आकड्यासाठी थांबते.

काल एकतीस होतं. मी सांगितलं. तिने ऐकलं आणि फोन ठेवला.